अचानक येणारा पूर : व्यापाऱ्याने कोणते कॅलेंडर पाहावे?

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी पुष्कळांच्या दुकानात दोन कॅलेंडर टांगलेली असतात. एक इंग्रजी महिन्यांचे, ज्यावर बँकेचे हप्ते आणि भाड्याची तारीख पाहिली जाते. दुसरे चाँदच्या तारखांचे, ज्यावर रमजान, बकरी ईद आणि मोहरम पाहून मालाची ऑर्डर दिली जाते. या दोन कॅलेंडरांचा पुराशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध फार जवळचा आहे. तो न समजल्यामुळे अनेकांचे वर्षाचे भांडवल एका रात्रीत चिखलात गेलेले आहे. म्हणून या विषयाची माहिती येथे थोडी सविस्तर देत आहोत.

एक उदाहरण पाहू. २०२१ साली आपल्याकडे बकरी ईद २१ जुलैला झाली. दुसऱ्याच दिवशी, २२ जुलैला, वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी महाडमध्ये सावित्री आणि गांधारीने शहर वेढले. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. ईदचा न खपलेला माल, उधारीच्या वह्या, गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कापड, सारे जिथल्या तिथे होते. चिपळूणचा बाजार २००५ च्या जुलैतही बुडाला होता. म्हणजे १६ वर्षांत दोनदा, आणि दोन्ही वेळा जुलैच्या शेवटच्या दिवसांत. याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

अचानक पूर म्हणजे काय?

पुराचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मोठ्या नदीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी कित्येक दिवस चढत राहिले आणि कित्येक दिवस उतरले नाही. यात नुकसान प्रचंड होते, पण पाणी येत आहे हे आदल्या दिवशी कळते. दुसरा प्रकार अचानक येणाऱ्या पुराचा. पाऊस पडल्यापासून किंवा बांध फुटल्यापासून सहा तासांच्या आत जो पूर येतो त्याला तज्ज्ञ अचानक पूर म्हणतात. पुष्कळदा हे अंतर एक-दोन तासांचेच असते. पहिल्या प्रकारात माल हलवायला वेळ मिळतो, दुसऱ्या प्रकारात फक्त माणूस हलवायला वेळ मिळतो. हा फरक प्रत्येक दुकानदाराने मनात पक्का करून ठेवावा.

कोकणात हा धोका अधिक आहे, कारण सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात अंतर थोडे आणि उतार तीव्र. घाटावर पडलेले पाणी काही तासांत खाली बाजारात येते. बाजारपेठा मात्र नदीकाठीच वसलेल्या, कारण पूर्वी माल गलबतांतून खाडीमार्गे येत असे. ज्या नदीने व्यापार दिला तीच नदी पावसाळ्यात दारात येते. आपल्या डोक्यावर ऊन पडलेले असले तरी घाटात ढग कोसळत असतील, तर धोका टळला असे समजू नये.

शहरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे नद्या लहान असतात, नाले बुजवलेले असतात आणि जमीन सिमेंटने झाकलेली असते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने १०० मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला, तर सुमारे चार लाख लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे ४० टँकर. शेतात यातले बरेच पाणी जमिनीत मुरते. सिमेंटवर ते मुरत नाही, उताराच्या दिशेने धावते. आणि उताराच्या तळाशी बहुधा आपलेच गाळे, कारखाने आणि झोपड्या असतात, कारण तेथे भाडे कमी पडते.

धोक्याचे मोसम

पावसाळा चार महिन्यांचा असला तरी धोका चारही महिने सारखा नसतो. त्याचे साधारण चार टप्पे पडतात.

पहिला टप्पा वळवाचा, एप्रिल-मे महिन्यांचा. दुपारनंतर ढग जमतात, वारा सुटतो आणि तासाभरात नाले भरतात. हा पाऊस देशावर अधिक. आठवडे बाजारात उघड्यावर पाल टाकणाऱ्या बंधूंना याचा फटका बसतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात पाल टाकणे किंवा टेम्पो उभा करणे या दिवसांतही टाळावे.

दुसरा टप्पा मृगाचा, जूनच्या पहिल्या पावसाचा. या वेळी गटारे प्लास्टिक आणि मातीने भरलेली असतात. पाऊस फार मोठा नसतानाही पाणी दुकानात शिरते. यात जीव जाण्याचा धोका कमी, पण तळाच्या फळीवरचा माल भिजतो.

तिसरा टप्पा सर्वांत घातक. साधारण २० जुलै ते २ ऑगस्ट हा पंधरवडा वाचकांनी इंग्रजी कॅलेंडरवर लाल शाईने आखून ठेवावा. आपल्या राज्यातील या तारखा पाहा. मोवाड (जिल्हा नागपूर) येथे वर्धा नदीचा पूर, ३० जुलै १९९१, दोनशेहून अधिक मृत्यू. मुंबईचा महापूर, २६ जुलै २००५. माळीण गावावर दरड, ३० जुलै २०१४. महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, २ ऑगस्ट २०१६. चिपळूण-महाडचा पूर आणि तळिये गावावरील दरड, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडीची दरड तर १९ जुलै २०२३ च्या रात्रीची, म्हणजे पंधरवडा सुरू होण्याच्या आदल्या दिवसाची. या सगळ्या तारखा एकाच पंधरवड्याभोवती का जमतात? या वेळेपर्यंत सहा-सात आठवडे पाऊस पडून गेलेला असतो. जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते आणि तलाव भरत आलेले असतात. मान्सूनचा जोरही याच दिवसांत अधिक असतो. जूनमध्ये जो पाऊस जमिनीत मुरला असता, तोच पाऊस जुलैअखेर सरळ बाजारात येतो.

याचा अर्थ या पंधरवड्याच्या बाहेर निश्चिंत राहावे असा नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक लोक गेले. पुण्याचा पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा.

चौथा टप्पा परतीच्या पावसाचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पावसाळा संपला असे समजून व्यापारी माल खाली उतरवतो आणि नेमका तेव्हा विजांसह जोराचा पाऊस येतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला लोंढा आला. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी वस्त्यांत शिरली. दोन्ही घटना दसरा-दिवाळीचा माल भरण्याच्या दिवसांतल्या, आणि दोन्ही लोक घरी असताना, रात्रीच्या वेळच्या.

चाँदच्या तारखा आणि भरती

आता दुसऱ्या कॅलेंडरकडे वळू. ज्यांची दुकाने समुद्राजवळ किंवा खाडीकाठी आहेत, त्यांना चाँदची तारीख फार उपयोगी पडते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते. म्हणजे चाँदची साधारण १४ ते १७ आणि २९ पासून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत. मुंबईच्या किनाऱ्यावर या दिवसांत मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते आणि दररोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. चाँदच्या ७-८ आणि २२-२३ तारखेला भरती लहान असते. कोकणात तिला भांग म्हणतात.

भरतीच्या वेळी समुद्र वर असल्यामुळे नाल्याचे आणि नदीचे पाणी बाहेर पडू शकत नाही, ते उलट मागे दाबले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. त्या दिवशी पौर्णिमा होऊन पाच दिवस उलटले होते, तरी दुपारी पावणेतीनच्या सुमारास सुमारे साडेचार मीटरची भरती होती. मिठी नदीचे पाणी जायला वाट राहिली नाही. मुंबईत चारशेहून अधिक लोक मरण पावले. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की लहान नाल्याचीही नदी होते.

सीझन फिरतो, पाऊस फिरत नाही

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. हिजरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे आपला सीझन दरवर्षी मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. पाऊस मात्र आपली जागा सोडत नाही. २००९ ते २०१९ या वर्षांत रमजान ईद पावसाळ्यात आली. २०१५ ते २०२५ पर्यंत बकरी ईद जून ते सप्टेंबरच्या दरम्यान होती. आता दोन्ही ईदा पावसाळ्याच्या बाहेर गेल्या आहेत, आणि रमजान ईद पुन्हा परतीच्या पावसात येईल ती २०४० च्या सुमारास.

आज जो तरुण दुकान टाकतो आहे, त्याला पुढची बरीच वर्षे ईदचा माल कोरड्या दिवसांत भरण्याची सवय लागेल. तो तळघर भाड्याने घेईल, जमिनीपासून छतापर्यंत गठ्ठे रचील, आणि काही होणार नाही. मग एका वर्षी सीझन फिरून पावसात येईल, तेव्हा सवय तीच राहिलेली असेल. "इतक्या वर्षांत कधी पाणी आले नाही" हे वाक्य आम्ही अनेक बाजारांत ऐकले आहे. बोलणाऱ्याचा अनुभव खरा असतो, पण तो अपुरा असतो.

शिवाय आपल्या कारागिरांचे काम फक्त ईदवर चालत नाही. शाळेचे गणवेश, गणपतीची सजावट, नवरात्र-दिवाळीचे कपडे, लग्नसराईचे फर्निचर या सर्वांचा कच्चा माल जून ते सप्टेंबर याच काळात गाळ्यात येऊन पडतो. म्हणून ईद कोणत्याही महिन्यात असो, साठ्याचा हिशेब पावसाच्या कॅलेंडरवर आणि विक्रीचा हिशेब चाँदच्या कॅलेंडरवर मांडावा.

निळी रेषा आणि लाल रेषा

गाळा विकत किंवा पागडीवर घेताना आपण रस्ता, वर्दळ आणि भाडे पाहतो, पुराची रेषा पाहत नाही. आपल्या राज्यात नदीकाठच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ पुष्कळजण चुकीचा लावतात. एकदा पूर आला म्हणजे २५ वर्षे सुटी मिळाली, असे नाही. निळ्या रेषेवरील जागेला दरवर्षी शेकडा चार इतकी शक्यता असते. माणूस ३० वर्षे दुकान चालवतो असे धरले, तर त्या काळात एकदा तरी पूर येण्याची शक्यता शेकडा ७० होते. लाल रेषेवरही ती शेकडा २६ आहे. जो सौदा दहापैकी सात वेळा बुडण्याची शक्यता आहे, तो कोणता व्यापारी डोळे झाकून करील? गाळा घेण्यापूर्वी नगरपालिकेत नकाशा पाहावा आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला भिंतीवर मागच्या पुराची खूण दाखवायला सांगावे.

माल आणि जीव

टेलरकाम करणारे आमच्या नात्यातले एक गृहस्थ कोकणातील एका बाजारपेठेत राहतात. पुराच्या रात्री अडीचच्या सुमारास उंबऱ्याला पाणी लागले. त्यांनी व मुलाने मशिनींची हेडे काढून माळ्यावर ठेवली आणि शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावर गेले. तेथे मुलाला आठवले की गिऱ्हाइकांच्या कापडाचा गठ्ठा खालीच राहिला. लोकांची अमानत आहे, मी आणतो, असे म्हणून तो जिन्याकडे वळला. बापाने त्याचा हात धरला आणि सकाळपर्यंत सोडला नाही. पाणी माळ्याच्याही वर गेले. हेडे गेली, कापड गेले. पुढे दीड वर्ष त्यांनी थोडे थोडे करून गिऱ्हाइकांना कापडाचे पैसे देऊ केले. काहींनी घेतले, काहींनी घेतले नाहीत. ते आम्हाला म्हणाले, "कापड अमानत होते, तसा मुलगाही अमानतच होता. कापडाची भरपाई मला करता आली."

अचानक येणाऱ्या पुरात जीव जातो तो पुष्कळदा माल, गाडी किंवा जनावर वाचवायला परत गेल्यामुळे. वाहते पाणी घोट्याच्या वर, सहा इंच आले तरी वेग असेल तर धडधाकट माणूस पडतो. दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. आत कोरडे आणि बाहेर एक मीटर पाणी असेल, तर एक मीटर रुंद दारावर सुमारे ५०० किलोचा दाब पडतो. म्हणून शटर आतून ओढून दुकानात बसून राहणे किंवा तळघरात माल उचलत राहणे म्हणजे स्वतःला कोंडून घेणे होय. दार नंतर उघडत नाही.

काय करावे?

१) पावसाळ्याच्या आधी : तळाची फळी जमिनीपासून निदान तीन फूट वर घ्यावी. मागे पाणी आलेले असेल तर त्या खुणेच्याही वर. मोटार, स्टार्टर आणि विजेचा बोर्ड उंच बसवावा. मैदा, साखर, सूत, चामडे आणि प्लायवूड कधीही तळाला ठेवू नये.

२) २० जुलै ते २ ऑगस्ट : या पंधरवड्यात साठा कमीत कमी ठेवावा. घाऊक व्यापाऱ्याकडून माल दोन खेपांत मागवावा, दुसरी खेप ऑगस्टच्या मध्याला. चार-पाच दुकानदारांनी मिळून तीन महिन्यांसाठी वरच्या मजल्यावरची एखादी खोली भाड्याने घेतली तर खर्च थोडा येतो.

३) कागदपत्रे : उधारीची वही, खरेदीची बिले, दुकानाचा परवाना व भाडेकरार यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात. फोनमध्ये फोटो काढून नातेवाइकाला पाठवून ठेवावेत. महिन्यातून एकदा मालाचेही फोटो घ्यावेत.

४) इशारा : हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. लाल म्हणजे एका दिवसात २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाची शक्यता. त्या दिवशी गाळ्यात कामगारांना झोपायला ठेवू नये. परगावचे कारागीर गाळ्यातच झोपतात, त्यांची जबाबदारी मालकावर आहे.

५) खुणा : ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, पाला व काटक्या वाढणे, वरून गडगडाटासारखा आवाज येणे, किंवा जोराच्या पावसात पाणी अचानक कमी होणे, या सर्व धोक्याच्या खुणा आहेत. पाणी कमी झाले तर वर दरड पडून ते अडले असण्याची शक्यता असते. लगेच उंच जागी जावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी वाढायला फार वेळ लागत नाही.

६) विमा : विम्याच्या शरई बाजूविषयी वाचकांनी उलेमांना विचारावे, तो आमचा विषय नाही. पण बँकेच्या कर्जामुळे ज्यांचा विमा उतरलेलाच आहे, त्यांनी पॉलिसीत पूर हा धोका धरला आहे की नाही आणि गोदामाचा पत्ता लिहिला आहे की नाही हे पाहावे. पत्ता नसेल तर तेथील मालाची भरपाई सहसा मिळत नाही.

पाणी ओसरल्यावर

विजेचा मेन स्विच तारतंत्र्याने तपासल्याशिवाय चालू करू नये. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन चालू करू नये, आत पाणी असेल तर इंजिन फुटते. साफसफाईपूर्वी फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीधारकांना १० हजार रुपये मदत दिली होती, पण नाव व कागद नसलेले अनेकजण अशा वेळी मागे राहतात. मशिनीवरचा चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवावा, मग रॉकेल आणि तेल द्यावे. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला ताप आला, तर तो अंगावर काढू नये. तो लेप्टोचा असू शकतो. २००५ नंतर मुंबईत या रोगानेही माणसे गेली.

शेवटची गोष्ट भिजलेल्या मालाची. पुराचे पाणी लागलेले खाण्याचे जिन्नस विकू नयेत, फेकून द्यावेत. कापड, भांडी यांसारखा माल विकता येतो, पण दोष सांगून. पावसाने भिजलेले धान्य ढिगाच्या आत दडवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातच टोकल्याचा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. भिजलेल्या मालावर "पुरातील माल" अशी पाटी लावून तो कमी भावात विकणारा दुकानदार त्या वर्षी तोटा सोसतो, पण त्याचे गिऱ्हाईक तुटत नाही.

तेव्हा आजच दोन्ही कॅलेंडर शेजारी-शेजारी टांगावीत. इंग्रजी कॅलेंडरवर तो पंधरवडा आखावा, चाँदच्या कॅलेंडरवर उधाणाचे दिवस. दोन्ही खुणा ज्या दिवशी एकत्र येतील, त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी जावे. इन्शाअल्लाह, दुसऱ्या दिवशी उघडायला दुकान आणि माणूस दोन्ही जागेवर असतील.